सर्वांना परवडणारी खुर्ची

नगरचा भुईकोट किल्ला म्हटला, की ऑगस्ट १९४२ आठवतो. मुंबईत 'चले जाव'चा ठराव मंजूर झाला आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांची धरपकड झाली. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशा अनेकांना या किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. नेहरूंचा मुक्काम तेथे अडीच वर्षांहून अधिक काळ होता. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ येथेच लिहिला. तेव्हाचे अहमदनगर आज अहिल्यानगर झाले असले, तरी या किल्ल्याचे नाव त्या ग्रंथाशी कायमचे जोडले गेले आहे.

नेमक्या याच वर्षांत, हजारो मैल दूर लॉस एंजलिस शहरात, पस्तिशीतला एक वास्तुरचनाकार लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून जखमी सैनिकांच्या पायांसाठी आधारपट्ट्या तयार करीत होता. किल्ल्यातील बंदिवानाचा आणि या कारागिराचा तेव्हा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. परंतु पुढे नेहरू पंतप्रधान असताना त्यांच्या सरकारने याच माणसाला भारतात बोलावले, आणि नेहरूंच्या निधनानंतर त्यांचे जीवन जगापुढे मांडणारे प्रदर्शन उभारण्याचे कामही त्याच्याकडेच आले. त्याचे नाव चार्ल्स ईम्स.

आपल्याकडे हे नाव अभिकल्प किंवा वास्तुकला शिकणाऱ्यांच्या वर्तुळाबाहेर फारसे ठाऊक नाही. मात्र त्यांच्या कल्पनेवर आपण रोज बसतो. रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात एका लोखंडी दांड्यावर ओळीने बसविलेल्या पसरट वाटीसारख्या खुर्च्या, शाळा-कार्यालयांतील एकसंध साच्यातून काढलेल्या बैठका, लग्नाच्या मांडवात एकावर एक रचून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, या सर्वांच्या वंशावळीत १९५० साली बाजारात आलेली ईम्स यांची फायबरग्लासची खुर्ची मानाच्या जागी आहे. आजही कित्येक जण प्लॅस्टिकच्या खुर्चीला सरसकट 'फायबरची खुर्ची' म्हणतात.

चार्ल्स ईम्स यांचा जन्म १७ जून १९०७ रोजी अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील सेंट लुईस येथे झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले आणि शाळकरी वयातच हाताला काम शोधावे लागले. पोलादाच्या कारखान्यात काम करताना यंत्रे, आराखडे आणि मोजमापे यांची गोडी लागली, ती कायमची. शिष्यवृत्तीवर ते वॉशिंग्टन विद्यापीठात वास्तुकला शिकू लागले. पण पदवी न घेताच बाहेर पडले. १९२९ साली कॅथरीन वोरमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढच्या वर्षी ल्युसिया या कन्येचा जन्म झाला. त्याच सुमारास त्यांनी स्वतःचे कार्यालय थाटले. परंतु तो काळ महामंदीचा. घरे बांधणारेच उरले नव्हते, तेथे घरांचे आराखडे कोण मागणार? कामे मिळेनाशी झाली, तेव्हा ईम्स काही महिन्यांसाठी मेक्सिकोत निघून गेले. फार थोडक्यात माणसाचे भागू शकते, हा धडा घेऊन ते परतले.

१९३८ साली त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. मिशिगन राज्यातील क्रॅनब्रुक कला अकादमीचे प्रमुख, फिनलंडचे ख्यातनाम वास्तुविशारद एलिएल सारिनेन यांनी त्यांना बोलावून घेतले. विद्यार्थी म्हणून गेलेले ईम्स लवकरच तेथे औद्योगिक अभिकल्पाचा विभाग सांभाळू लागले. एलिएल यांचे चिरंजीव एरो हे त्यांचे जिवलग मित्र झाले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९४० साली घरगुती फर्निचरसाठी स्पर्धा जाहीर केली, तेव्हा या दोघा मित्रांनी मिळून प्रवेशिका पाठविल्या आणि दोन गटांत पहिले पारितोषिक पटकावले. बैठक, पाठ आणि हात हे तीन वेगळे भाग न जोडता शरीराच्या वळणांप्रमाणे वाकविलेले एकच कवच करावे, अशी त्यांची कल्पना होती. असे झाले तर जाड गाद्या लागणार नाहीत, जोडकाम कमी होईल आणि खुर्ची स्वस्त पडेल, हा त्यामागचा हिशेब होता.

पारितोषिक मिळाले, खुर्ची मात्र साधली नाही. प्लायवूड एका दिशेने वाकविणे सोपे असते. एकाच वेळी दोन्ही दिशांनी वाकवून त्याची वाटी करू पाहिली, की ते तडकते. पळसाच्या पानाचा द्रोण लावणाऱ्याला ही अडचण चटकन समजेल. सपाट पान आपणहून खोलगट होत नाही; त्याला घड्या घालून काडी टोचावी लागते. ईम्स-सारिनेन यांच्या कवचालाही अशाच भेगा आणि सुरकुत्या पडत. त्या झाकण्यासाठी वरून गादी आणि कापड लावणे भाग पडले. हातकाम वाढले, खर्च वाढला, आणि त्यातच युद्ध पेटल्याने साहित्य मिळेनासे झाले. सर्वसामान्यांसाठी म्हणून कल्पिलेली वस्तू सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर गेली. पुढची दहा वर्षे ईम्स यांनी ही एकच गाठ सोडविण्यात घालविली.

या प्रवासात त्यांना आयुष्यभराची सोबत मिळाली ती रे कायझर यांची. १५ डिसेंबर १९१२ रोजी कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे जन्मलेल्या रे या चित्रकार होत्या. हान्स हॉफमान यांच्याकडे त्यांनी अमूर्त चित्रकलेचे धडे घेतले होते. क्रॅनब्रुक येथे स्पर्धेची रेखाटने आणि नमुने तयार करण्यात त्यांनी मदत केली. चार्ल्स यांचा पहिला विवाह संपुष्टात आला आणि जून १९४१ मध्ये चार्ल्स व रे विवाहबद्ध होऊन लॉस एंजलिसला गेले. चार्ल्स दिवसा एका चित्रपट कंपनीच्या कला विभागात नोकरी करीत. रात्री भाड्याच्या घरातील एका खोलीत दोघांचे प्रयोग चालत. लाकडाचे थर साच्यावर दाबण्यासाठी त्यांनी घरीच एक यंत्र बनविले होते. सायकलच्या पंपाने त्यातील रबरी पिशवी फुगवायची, म्हणजे तिच्या दाबाने लाकूड साच्याला चिकटून बसे.

नौदलाचे काम आले ते याच सुमारास. जखमी सैनिकाला उचलून नेताना पायाला बांधण्याच्या धातूच्या आधारपट्ट्या हादऱ्यांनी कंप पावत आणि जखम अधिकच चिघळे. ईम्स दांपत्याने चार्ल्स यांच्या स्वतःच्या पायावरून साचा घेऊन प्लायवूडची आधारपट्टी तयार केली. लाकूड तडकू नये म्हणून वळणाच्या जागी त्यांनी खाचा ठेवल्या. त्याच खाचांतून पट्टा ओवून पाय बांधता येई. अडचणीतूनच सोय निघाली. युद्ध संपेपर्यंत अशा सुमारे दीड लाख आधारपट्ट्या तयार झाल्या. नौदलाच्या पैशातून चांगली यंत्रे मिळाली आणि एकसारखी वस्तू हजारोंच्या संख्येने कशी काढावी, याचा अनुभवही गाठीशी आला.

१९४६ साली त्यांच्या प्लायवूडच्या खुर्च्या बाजारात आल्या. बैठक आणि पाठ यांचे दोन स्वतंत्र तुकडे करून त्यांनी जुन्या पेचाला बगल दिली होती. या खुर्चीची मोठी वाहवा झाली. 'टाइम' साप्ताहिकाने १९९९ साली तिला विसाव्या शतकातील सर्वोत्तम अभिकल्प ठरविले. पण एकसंध कवचाचे मूळ स्वप्न अपुरेच होते.

युद्धावरून परतलेल्या लाखो तरुणांना आता संसार मांडायचे होते. घरे लहान होती आणि पैसा बेताचा. १९४८ साली म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने पुन्हा स्पर्धा जाहीर केली, ती या वेळी खास स्वस्त फर्निचरसाठी. ईम्स यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातील अभियंत्यांना सोबत घेऊन, मोटारीचे पत्रे ठोकून आकारतात त्या तंत्राने धातूचे कवच सादर केले. त्यांना दुसरे पारितोषिक विभागून मिळाले. परंतु धातूचे साचे महाग पडत आणि अंगाला धातू थंडगार लागे. स्वस्त खुर्चीचे पारितोषिक मिळविणारी खुर्चीच स्वस्त होईना, असा हा पेच होता.

तो सुटला युद्धात वापरलेल्या एका नव्या पदार्थाने. काचेचे केसासारखे बारीक तंतू राळेत बसविले, की हलके आणि चिवट असे कवच तयार होते. विमानातील रडारवर बसविण्याचे घुमट अशा फायबरग्लासचे केले जात, कारण रडारच्या लहरींना ते अडवीत नाही. कॅलिफोर्नियातील झेनिथ प्लॅस्टिक्स ही कंपनी युद्धकाळात अशी कामे करीत असे आणि शांतता आल्यावर नव्या कामाच्या शोधात होती. ईम्स यांनी तिला गाठले. खुर्चीच्या आकाराच्या जाळीवर काचतंतू पसरायचे, तो थर धातूच्या जोडसाच्यात ठेवायचा, रंग मिसळलेली पातळ राळ ओतायची आणि हायड्रॉलिक प्रेसखाली उष्णता व दाब द्यायचा, अशी पद्धत ठरली. साचा उघडला, की कडा घासण्याइतकेच काम उरे. प्लायवूडने दहा वर्षे नाकारलेली वाटी या पदार्थाने सहज दिली.

१९५० साली हर्मन मिलर कंपनीमार्फत ही हातांची खुर्ची विक्रीला आली आणि पाठोपाठ बिनहातांचीही आली. कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार होणारी आणि वरून गादी किंवा कापड न चढविता विकली जाणारी ही प्लॅस्टिकची पहिली खुर्ची मानली जाते. ईम्स यांनी तिला मुलामा देऊन गुळगुळीत करण्याचे टाळले. उजेडात पाहिले, की रंगाच्या आत काचेचे तंतू विखुरलेले दिसतात. रंगही राळेतच मिसळलेला असल्याने तो पापुद्र्यासारखा उडण्याचा प्रश्न नव्हता. सुरुवातीला करडा, फिकट चर्मपत्री असे मोजके सौम्य रंग होते. पुढे लाल, पिवळे, हिरवे असे अनेक आले.

तिचे खरे मर्म मात्र पायांत होते. कवच एक आणि पाय अनेक, असा हा संसार होता. साधे चार धातूचे पाय लावले, की ती जेवणाच्या टेबलाशी बसे. लाकडी डोलपट्ट्या लावल्या, की तान्ह्या बाळाच्या आईची डोलखुर्ची होई. तारांची जाळीदार बैठक जोडली, की दिवाणखान्यात शोभे. तिला लोक आयफेल टॉवर म्हणू लागले. १९५५ साली एकावर एक रचता येणारी आवृत्ती आली आणि सभागृहांची सोय झाली. १९६३ साली एकाच दांड्यावर ओळीने कवचे बसविण्यात आली. आपल्या प्रतीक्षागृहांत दिसणाऱ्या रांगा याच कुळातल्या. कवच आणि पाय यांच्यामध्ये रबराच्या जाड चकत्या होत्या. त्यामुळे बसणाऱ्याच्या हालचालीबरोबर खुर्ची किंचित झुकत असे आणि कवचावर खिळ्या-स्क्रूंची भोके दिसत नसत.

या यशाला एक काळी किनारही होती. ईम्स यांच्या कार्यशाळेत अनेक हात राबत होते, पण बाहेर नाव एकाचेच जाई. १९४६ साली म्युझियममध्ये भरलेले प्रदर्शन एकट्या चार्ल्स यांच्या नावावर होते. सोबत झटलेले हॅरी बर्टोया यांच्यासारखे गुणी सहकारी त्याच वर्षी बाहेर पडले. रे यांच्यावर तर अधिकच अन्याय झाला. रंग, आकार आणि तपशील यांवर त्यांची नजर प्रत्येक कामात होती. तरीही वर्तमानपत्रे त्यांना बराच काळ केवळ पत्नी म्हणून ओळखत राहिली, आणि नावामुळे कित्येकांनी त्यांना चार्ल्स यांचे भाऊही समजून टाकले. त्यांच्या वाट्याचे श्रेय देण्यास अभ्यासकांनी पुढे फार उशीर केला.

भारताशी ईम्स दांपत्याचा संबंध आला तो १९५५ साली. न्यूयॉर्कच्या त्याच म्युझियममध्ये भारतीय वस्त्रे आणि अलंकार यांचे प्रदर्शन भरले होते. ईम्स यांनी त्यावर एक लघुपट केला. त्या निमित्ताने पुपुल जयकर यांच्याशी त्यांचा परिचय झाला. पुढे भारत सरकारने फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने ईम्स दांपत्याला बोलावले. यंत्रयुग दाराशी आलेल्या या देशात वस्तूंचा दर्जा कसा टिकवावा, असा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवण्यात आला होता. देशभर फिरून त्यांनी १९५८ साली आपला अहवाल दिला. 'इंडिया रिपोर्ट' या नावाने तो आजही अभिकल्पाच्या शाळांतून अभ्यासला जातो.

फायबरग्लासची खुर्ची घडविणाऱ्या या माणसाने भारतात सर्वांत सुंदर वस्तू म्हणून निवडला तो आपला साधा तांब्या. त्याची थोरवी सांगण्यासाठी त्यांनी प्रश्नांची लांबलचक यादीच मांडली. एका वेळी किती पाणी न्यायचे? ते पुरुष नेणार, बाई नेणार की मूल? कडेवर, डोक्यावर की हातात? भरल्यावर तोल कोठे जाईल आणि रिकामा झाल्यावर कोठे? ओतताना धार कशी पडेल? आत हात घालून घासता येईल का? धातू कोणता, त्याची किंमत काय आणि मोडीत तो किती देईल? कोणा एका कलावंताने बसून तांब्या घडविलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांनी आणि तांबटांनी हे प्रश्न मुकाट्याने सोडविले, असे त्यांचे निरीक्षण होते. यंत्रयुगात पिढ्यांइतका वेळ हाताशी राहणार नाही. म्हणून तेच प्रश्न आता जाणीवपूर्वक विचारणारी माणसे तयार करावी लागतील, हे त्या अहवालाचे सार. त्यातील शिफारशींच्या आधारे १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली. गौतम आणि गिरा साराभाई यांनी तिची घडी बसविली. १९६९ साली मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले आणि हा विषय महाराष्ट्राच्या अंगणातही आला.

२७ मे १९६४ रोजी नेहरूंचे निधन झाले. त्यांच्या जीवनावरील प्रदर्शनासाठी ईम्स आपल्या सहकाऱ्यांसह अहमदाबादला आले आणि तेथील तरुण अभिकल्पकांबरोबर त्यांनी अहोरात्र काम केले. शेकडो छायाचित्रे, भारतीय वस्तू आणि नेहरूंच्या लेखनातील व भाषणांतील शब्द यांतून ते जीवन उभे राहिले. १९६५ साली न्यूयॉर्कला त्याचे उद्घाटन झाले आणि नंतर लंडन, वॉशिंग्टन, लॉस एंजलिस अशी त्याची भ्रमंती झाली. ज्या वर्षांत एक जण नगरच्या किल्ल्यात आपल्या देशाचा शोध घेत होता आणि दुसरा लाकूड वाकविण्याची धडपड करीत होता, ती दोन आयुष्ये अशी एकत्र आली.

पुढे ईम्स यांचे मन खुर्च्यांपेक्षा चित्रपट आणि विज्ञान प्रदर्शनांत अधिक रमले. विश्वाच्या कडेपासून अणूच्या गाभ्यापर्यंत प्रवास घडविणारा त्यांचा 'पॉवर्स ऑफ टेन' हा लघुपट १९७७ साली पूर्ण झाला. २१ ऑगस्ट १९७८ रोजी जन्मगावी, सेंट लुईस येथे, त्यांचे निधन झाले. रे यांनी त्यानंतरची वर्षे दोघांच्या कामाची व्यवस्थित नोंद करण्यात घालविली. बरोबर दहा वर्षांनी, २१ ऑगस्ट १९८८ रोजी, त्यांनीही जगाचा निरोप घेतला.

खुर्चीचे भाग्यही सरळ राहिले नाही. फायबरग्लास तयार करताना निघणारी वाफ कामगारांना अपायकारक ठरते आणि टाकून दिलेले कवच वितळवून पुन्हा वापरता येत नाही. हे दोष लक्षात आल्यावर हर्मन मिलरने मूळ फायबरग्लासचे उत्पादन थांबविले. नव्या शतकाच्या तोंडाशी तोच आकार पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकमध्ये परत आला, आणि २०१३ साली सुधारित, कमी अपायकारक पद्धतीने फायबरग्लासही पुन्हा आले. दरम्यान १९५० च्या दशकातील मूळ खुर्च्या संग्राहकांच्या हाती पडल्या. कमीत कमी पैशात जास्तीत जास्त लोकांना चांगली वस्तू मिळावी म्हणून जन्मलेली खुर्ची आज लिलावात चढ्या भावाने विकली जाते.

तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वस्त खुर्च्या मात्र गावोगाव पोहोचल्या. नगर जिल्ह्यातील एखाद्या ग्रामसभेत किंवा लग्नमांडवात सरपंच, शेतकरी, व्याही आणि वाढपी एकसारख्याच खुर्चीवर बसतात. मानाची खुर्ची आणि बाकीच्यांची सतरंजी हा भेद तिने आपल्या परीने पुसट केला. पण तिचा पाय दोन उन्हाळ्यांत मोडतो, बसणाऱ्याची पाठ अवघडते आणि मोडलेले प्लॅस्टिक उकिरड्यावर पडून राहते. ईम्स यांनी तांब्याला विचारलेले प्रश्न या खुर्चीला विचारायचे राहूनच गेले आहेत. स्वस्तपणाचा वारसा आपण उचलला. त्या स्वस्तपणात चांगुलपणा यावा म्हणून खर्ची घातलेली दहा वर्षे मात्र आपल्या हिशेबातून निसटली.